निसर्गदृश्यांच्या आणि स्टॉक छायाचित्रणासाठी कमी गर्दीची ठिकाणे कशी शोधावीत?

आपल्या प्रश्नाचा आशय असा की, प्रसिद्ध ठिकाणी ट्रायपॉड उभा करायलाही जागा मिळत नाही, कशीबशी फ्रेम साधली तरी तिच्यासारखी असंख्य छायाचित्रे स्टॉकच्या संकेतस्थळांवर आधीच असतात, आणि म्हणून गर्दी नसलेल्या पण दृश्य म्हणून दमदार असलेल्या जागांची एखादी यादी आपल्याला हवी आहे. मी अनेक वर्षे निसर्गदृश्ये टिपत आलो आहे आणि त्यांतली बरीचशी स्टॉकसाठी, म्हणजे ग्राहकांना वापराचे हक्क विकणाऱ्या चित्रसंग्रहांच्या संकेतस्थळांसाठी देतो. त्या अनुभवावरून सांगतो की यादीच्या मागे लागू नका, कारण ‘अज्ञात ठिकाणे’ म्हणून जे प्रसिद्ध होते ते हजारो जण एकाच वेळी वाचतात आणि पुढच्या हंगामात तिथेही रांग लागते. त्यापेक्षा एखादे गाजलेले दृश्य सुंदर का दिसते याचे कारण शोधा, आणि तेच कारण आणखी कुठे लागू पडते हे नकाशावर धुंडाळा.

कॅनडातील मोरेन सरोवराचे उदाहरण घेऊ. हे सरोवर कॅनडाच्या वीस डॉलरच्या जुन्या नोटेवरही होते. तिथे जाणाऱ्या रस्त्यावर इतकी वाहने येऊ लागली की २०२३ पासून खासगी गाड्यांना तो बंद करण्यात आला आणि आता बसने, सायकलने किंवा पायी जावे लागते. या सरोवराचा निळाहिरवा रंग येतो तो हिमनदीने दळलेल्या खडकाच्या अतिसूक्ष्म पिठामुळे. हे पीठ पाण्यात तरंगत राहते, प्रकाशातला तांबडा भाग पाणी शोषून घेते आणि निळाहिरवा भाग या कणांवरून विखुरला जातो. म्हणजे ज्या तळ्यात हिमनदीचे पाणी थेट उतरते आणि ज्याच्या वरच्या अंगाला पीठ अडवून धरणारे दुसरे तळे नसते, तिथे तो रंग मिळण्याची शक्यता चांगली असते, मग त्या तळ्याला नाव असो वा नसो.

अशी तळी घरबसल्या शोधता येतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रे कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावर मोफत पाहता येतात. त्यांत एक बिंदू जमिनीवरच्या दहा मीटरांएवढा असतो आणि साधारण दर पाच दिवसांनी त्याच भागाचे नवे चित्र येते. तीनशे मीटर लांबीचे तळे तीस बिंदूंचे दिसते, म्हणजे त्याचा रंग ओळखायला पुरेसे मोठे. मी ढगांचे प्रमाण कमी असलेल्या तारखा निवडतो, एकाच तळ्याची जून, जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरमधली चित्रे एकापाठोपाठ उघडतो आणि बर्फ कधी सुटला, रंग कधी चढला, काठावरची झाडे कधी पिवळी पडली हे टिपून ठेवतो. मागच्या चारपाच वर्षांशी ताडून पाहिले की जाण्याचा पंधरवडा बऱ्यापैकी ठरतो. गाजलेल्या जागेबद्दल ही माहिती लोक आयती सांगतात. अनोळखी जागेसाठी ती आपणच काढावी लागते, आणि खरे तर या कामातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच आहे.

खडकांच्या बाबतीतही हाच मार्ग चालतो. अमेरिकेत ॲरिझोना आणि यूटा यांच्या सीमेजवळ ‘द वेव्ह’ नावाने ओळखली जाणारी लाटेसारखी खडकरचना आहे. ती नॉर्थ कोयोटी ब्यूट्स या भागात येते आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त चौसष्ट जणांना सोडतीने परवाना मिळतो. लोक वर्षानुवर्षे सोडतीत नाव घालत राहतात. पण ही रचना ज्या खडकाची आहे, तो नवाहो वालुकाश्म तेवढ्या एका घळीत संपत नाही. लागूनच असलेल्या साउथ कोयोटी ब्यूट्समध्येही वाऱ्याने रचलेले तेच रंगीत थर उघडे पडले आहेत. तिथेही परवाना लागतोच, शिवाय वाट खोल वाळूची असल्यामुळे चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी, आणि नेमकी याच अडचणीमुळे तिथली वर्दळ कमी राहते. वाट थोडी अवघड असणे हा गर्दीवरचा उत्तम उतारा आहे, फक्त ती अडचण आपल्या आवाक्यातली आहे ना, हे निघण्यापूर्वी प्रामाणिकपणे तपासावे. एखाद्या प्रदेशाचा भूशास्त्रीय नकाशा उघडून आपल्याला आवडलेला खडक कुठवर पसरला आहे हे पाहण्याची सवय लावून घ्या. बहुतेक देशांची भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाती असे नकाशे उपलब्ध करून देतात.

जागा हेरली की पुढचा प्रश्न प्रकाशाचा, आणि तो जाण्याआधीच सोडवता येतो. समजा, तळ्याच्या पूर्वेला तीन किलोमीटरवर एक कडा आहे आणि नकाशावरच्या समोच्च रेषांवरून, म्हणजे समान उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांवरून, त्याचा माथा तळ्यापेक्षा ५०० मीटर उंच दिसतो. ५०० ला ३००० ने भागून आलेल्या संख्येचा व्यस्त टॅन्जंट (कॅल्क्युलेटरवर tan⁻¹) घेतला की कोन निघतो साधारण साडेनऊ अंशांचा. आकाशात सूर्य एक अंश सरकायला चार मिनिटे घेतो, म्हणून तो सरळ वर चढला असता तरी तळ्यावर ऊन पोहोचायला अडतीस मिनिटे उशीर झाला असता. विषुववृत्तापासून दूर तो तिरका चढतो, त्यामुळे उशीर आणखी वाढतो. म्हणजे सूर्योदयाचे कोवळे ऊन त्या पाण्यावर कधीच पडणार नाही. हे कळल्यावर पुष्कळ जण ती जागा सोडून देतील, पण तळ्याच्या पश्चिमेला उंच शिखरे असतील तर मी ती मुद्दाम निवडतो, कारण शिखरे उन्हाने तांबूस झालेली असताना पाणी सावलीत आणि बहुधा वाऱ्यावाचून स्थिर असते, आणि प्रतिबिंबासाठी याहून चांगली वेळ मिळत नाही.

सूर्योदयाची दिशाही गृहीत धरू नये. ६० अंश उत्तर अक्षांशावर सूर्य जूनच्या उत्तरार्धात उत्तरेपासून सुमारे ३७ अंशांवर, म्हणजे ईशान्येच्याही अलीकडे उगवतो, तर डिसेंबरमध्ये सुमारे १४३ अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या पलीकडे. एखादी दरी वर्षातले मोजकेच आठवडे उजळते ती यामुळे. फोटोपिल्स किंवा फोटोग्राफर्स इफेमेरिस यांसारख्या ॲपमध्ये ही दिशा नकाशावर रेषेने दाखवलेली असते. गूगल अर्थमध्ये जमिनीच्या पातळीवर उतरून फ्रेमचा अंदाज घेता येतो, मात्र तिथे झाडांची उंची अनेकदा धड दिसत नाही, म्हणून जंगलातल्या जागेबद्दल त्यावर विसंबू नका.

गर्दी जागेइतकीच वेळेचीही असते, हे आपल्याला ठाऊक असेलच. सूर्यास्तानंतर बहुतेक लोक निघून जातात आणि निळसर संधिप्रकाशाची वेळ मोकळी मिळते; पाऊस नुकताच थांबलेला असतानाही तेच होते. प्रसिद्ध ठिकाणीच जायचे असेल तर वाहनतळ आणि मुख्य कठडा सोडून पाऊलवाटेने अर्धा तास चालत जा. त्यासाठीच्या पाऊलवाटा ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर बऱ्याच ठिकाणी सापडतात.

आता स्टॉकबद्दल थोडे सविस्तर, कारण इथे एक अडचण आहे. जे ठिकाण कोणाला माहीत नाही, त्याचे नाव टाकून कोणी चित्र शोधत नाही. त्यामुळे ‘जागा नवीन आहे, म्हणून चित्र विकले जाईल’ हा हिशेब चुकतो. अनोळखी जागेचे चित्र विकले जाते ते विषयावर: धुक्यातला रिकामा वळणाचा रस्ता, आटलेल्या जलाशयाचा भेगाळलेला तळ, मागे सरकणारी हिमनदी, डोंगरधारेवरच्या पवनचक्क्या, वादळापूर्वीचे शेत. म्हणून जाण्याआधी त्या विषयाचे शब्द शटरस्टॉक, ॲडोबी स्टॉक किंवा अलामी यांवर टाकून पाहावेत आणि किती निकाल आले याहून काय नाही हे शोधावे. बऱ्याचदा आडव्या चित्रांचा ढीग असतो आणि उभी चित्रे थोडी असतात. उन्हाळा भरपूर असतो, पण पानगळ संपल्यानंतरचा उदास नोव्हेंबर नसतो. ही पोकळी लिहून घ्यावी आणि तीच भरायला जावे.

मोकळ्या जागेचा खरा फायदा इथे मिळतो. कोणी मागे थांबलेले नसते, त्यामुळे एकाच दृश्याची आडवी, उभी, मजकुरासाठी वर किंवा बाजूला मोकळे आकाश ठेवलेली, माणूस असलेली आणि नसलेली अशी निरनिराळी रूपे शांतपणे घेता येतात. दृश्याचा विस्तार कळावा म्हणून सोबत्याला पाठमोरे उभे केलेत, तर चेहरा दिसत नसला तरी त्याची संमती मॉडेल रिलीजवर, म्हणजे चित्र वापरू देण्याच्या सही केलेल्या संमतीपत्रावर घेऊन ठेवा, आणि जाकिटावरचे, पाठपिशवीवरचे, तंबूवरचे बोधचिन्ह झाका किंवा नंतर पुसा. गर्दीच्या ठिकाणी ओळखू येणारे दहा चेहरे फ्रेममध्ये असले की ते चित्र जाहिरातीसाठी देता येत नाही, फक्त बातमी व माहितीपर वापराच्या, म्हणजे एडिटोरियल वर्गात जाते. निर्मनुष्य जागेत ही चिंताच राहत नाही. कॅप्शनमध्ये भूरूप, ऋतू, हवामान आणि वनस्पती ओळखता आली असेल तर तिचे शास्त्रीय नाव द्या. संगणकाने घडवलेल्या चित्रांचा पूर आलेला असताना, खऱ्या जागेची पडताळता येईल अशी माहिती सोबत असणे हे आपल्या चित्राचे मोठे बळ आहे असे मला मनापासून वाटते.

परवानगीची चौकशी मात्र टाळू नका; निसर्गात सगळे मोकळे असते ही समजूत महागात पडू शकते. ऑस्ट्रेलियातील उलुरू या प्रचंड खडकाच्या परिसरात व्यावसायिक छायाचित्रणासाठी परवाना लागतो आणि तिथल्या मूळनिवासी आनंगू लोकांना पवित्र असलेल्या काही जागांची चित्रे घेऊ नयेत असा नियम आहे. बांधकामांचेही तसेच, आयफेल टॉवर दिवसा टिपायला हरकत नाही, पण रात्रीच्या रोषणाईवर स्वामित्वहक्क असल्यामुळे त्या चित्राच्या व्यावसायिक वापरासाठी परवानगी लागते. आडबाजूच्या जागा पुष्कळदा खासगी शेत, राखीव जंगल किंवा धरणक्षेत्र असतात. मालकाला विचारल्यावर तो बहुधा नाही म्हणत नाही, उलट कुठून दृश्य चांगले दिसते तेही सांगतो. ड्रोनसाठी त्या देशाचा नियम आणि त्या उद्यानाचा नियम असे दोन्ही स्वतंत्रपणे पाहावेत. शिवाय अशा ठिकाणी मोबाइलला रेंज असेलच असे नाही, म्हणून नकाशे आधी उतरवून घ्यावेत आणि कुठे जातो, कधी परतणार हे कोणाला तरी सांगून निघावे.

राहिला प्रश्न सापडलेल्या जागेचा पत्ता देण्याचा. २०१९ च्या वसंतात कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोरजवळच्या वॉकर कॅन्यनमध्ये नारिंगी पॉपी फुलांचा मोठा बहर आला, चित्रे समाजमाध्यमांवर पसरली, लोटलेल्या गर्दीखाली फुले तुडवली गेली आणि २०२३ मध्ये बहर आला तेव्हा ती दरी बंदच ठेवावी लागली. वायोमिंगमधील जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने तर २०१८ मध्येच लोकांना आवाहन केले होते की नेमकी जागा टॅग करू नका. माझा शिरस्ता असा आहे: खडकाळ, पायांनी न बिघडणाऱ्या जागेचे नाव कॅप्शनमध्ये सरळ द्यायचे, मात्र फुलांचे माळ, शेवाळाची जमीन, पाणथळ किंवा पक्ष्यांची घरटी असतील तर फक्त तालुका किंवा डोंगररांग लिहायची आणि फाइल पाठवण्यापूर्वी तिच्यातली जीपीएसची नोंद काढून टाकायची. स्टॉकच्या खरेदीदाराला प्रदेशाचे नाव बहुधा पुरते, आणि एखाद्या संपादकाला नेमके ठिकाण हवेच असेल तर तो विचारतो, तेव्हा कारण पाहून सांगता येते.