ऑटोमेशनच्या संशोधनात समाजशास्त्र, कायदा कशाला?

यांत्रिकीच्या पदवीनंतर ऑटोमेशन आणि एआयचा कामावर होणारा परिणाम अभ्यासायचा, तर समाजशास्त्र आणि कायद्याच्या वाटेला जावे, की हे शब्द केवळ निधी मिळवण्यासाठी वापरतात, असे आपण विचारले आहे. ज्यांना तसे वाटते, त्यांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा एक हंगाम काढावा.

माझे वडील तिथे तोलाईदार, म्हणजे माल तोलून देणारे, होते. इलेक्ट्रॉनिक काटे आले तेव्हा ते बसवणारा माझा मावसभाऊ आमच्याच घरी जेवताना म्हणाला, "काका, आता आकडा यंत्र सांगतं, तुमचं काम संपलं." वस्तुतः आकडा वाचणे हा त्या कामाचा सर्वांत सोपा भाग होता. बारदानाचे वजन किती धरायचे, माल ओलसर आहे म्हणून अडत्या अडला तर काय करायचे, शेतकऱ्यासमोर वजन मोठ्याने पुकारायचे आणि मागाहून तक्रार आली तर त्या वजनाला जबाबदार राहायचे, हे सगळे वडीलच करत. ते काम काट्याने केले नाही. त्याचे पैसे कोणी द्यायचे एवढाच वाद वाढवला. यंत्र तोलते तर आमच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) तोलाई, म्हणजे तोलण्याची मजुरी, का कापता, हा शेतकऱ्याचा प्रश्नही रास्तच होता. 2024 मध्ये नाशिक जिल्ह्यात कांद्याचे लिलाव बंद पडले, ते याच हमाली-तोलाईच्या कपातीवरून. हमालांसारख्या अंगमेहनती कामगारांसाठीच्या 1969 च्या माथाडी कायद्याशिवाय हा तिढा समजणारच नाही.

संशोधनातही हेच दिसते. ऑक्सफर्डचे संशोधक फ्रे आणि ऑस्बर्न यांनी 2013 मध्ये 702 व्यवसाय तपासून अमेरिकेतील 47 टक्के नोकऱ्यांना ऑटोमेशनचा मोठा धोका असल्याचे मांडले. 2016 मध्ये आर्न्ट्झ, ग्रेगरी आणि झिएरान यांनी अख्ख्या व्यवसायाऐवजी त्यातील कामे मोजली, तेव्हा 21 देशांची सरासरी 9 टक्क्यांवर आली. हा फरक यंत्राच्या क्षमतेचा नसून कामाकडे पाहण्याच्या दृष्टीचा आहे. मावसभाऊ मात्र अजून अशा अभ्यासाला "सर्वेक्षण" म्हणतो, संशोधन नव्हे.

तेव्हा दोन विभागांचे दोन मार्गदर्शक घ्या आणि विषय यंत्रापासून नव्हे, तक्रारींपासून निवडा. संख्याशास्त्र कच्चे असेल तर आधी ते पक्के करा, आणि कारखान्यात नोकरी करायची असेल तर या वाटेला न गेलेलेच बरे. तिथे मुलाखत घ्यायला माझ्या मावसभावासारखीच माणसे बसलेली असतात.