न्यू यॉर्कच्या मेट (मेट्रोपॉलिटन) संग्रहालयात इजिप्तच्या थडग्यांमधल्या चित्रांच्या नकलाच टांगल्या आहेत. ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का?

नाही. पाटीवर ‘फॅक्सिमिली’, म्हणजे हुबेहूब नक्कल, असं सरळ लिहिलेलं असतं, नक्कल करणाऱ्याचं नावही असतं. पण तुमचा वैताग कळतो. लेकीकडे न्यू यॉर्कला गेले होते तेव्हा मीही ‘अगंबाई, हे खरं नव्हेच’ म्हणत पुढे निघाले होते. मागे फिरले ती मेन्नामुळे.

मेन्ना म्हणजे साधारण ३४०० वर्षांपूर्वीचा, राजाच्या शेतजमिनींचा हिशेब ठेवणारा अधिकारी. त्याचं थडगं लक्सरला, नाईलच्या पश्चिम तीरावर. चित्रात तो बायकामुलांना घेऊन पाणथळीत शिकारीला निघालाय. पपायरसचं रान, उडणारे पक्षी, होडीतून वाकून कमळ खुडणारी पोर. आणि मेन्नाचा चेहरा मात्र खरवडलेला! जुन्या काळी कुणीतरी त्याच्यावर दात धरलेला दिसतो. नक्कल करणाऱ्या नीना डेव्हिस यांनी तो खरवडाही जसाच्या तसा रंगवलाय. दुरून मला वाटलं कागदच फाटलाय. जवळ गेले तर उडालेला गिलावासुद्धा कुंचल्याने काढलेला. मी जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली. माझा हात तिथे नक्की वळवळला असता, एक नाकडोळा काढून द्यायला.

मेटने १९०७ साली हे नकलांचं काम नॉर्मन डेव्हिस यांच्याकडे सोपवलं. नीना त्यांच्या पत्नी. दोघांची आद्याक्षरं एकच, त्यामुळे कुठलं काम कुणाचं यावरून घोळ होतो. पुढे चार्ल्स विल्किन्सनसारखे चित्रकारही आले. आधीचे नक्कलकार बहुधा पारदर्शक जलरंग वापरत. नीनाबाईंनी टेम्परा (अंडं किंवा डिंकात कालवलेला दाट रंग) धरला, कारण मूळ रंग खनिजांचे, अपारदर्शक. पातळ जलरंगात ते वजन येत नाही. भिंतीवरून रेषा ट्रेस करायची, कागदावर उतरवायची आणि मग मूळ चित्रकाराच्याच क्रमाने रंगाचे थर द्यायचे. अंधाऱ्या थडग्यात उजेड आरशांनी आत वळवायचा. बहुतेक नकला मूळ मापाच्याच. एकोणिसाव्या शतकात काही जण भिंतीवर ओला कागद दाबून ठसे घेत, त्यात रंगच निघून यायचा. त्यापेक्षा हे किती सोज्वळ!

आणि ‘खरं’ पाहिजे म्हटल्यावर काय होतं, ते नेबामुन या दुसऱ्या इजिप्शियन अधिकाऱ्याच्या थडग्यात दिसतं. त्याच्या भिंतीचे तुकडे कापून नेले, ते आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. थडगं नेमकं कुठे होतं, याचा मात्र आता पत्ता नाही. डेव्हिस दांपत्याने भिंत होती तिथेच ठेवली. त्यानंतर थीब्सच्या (लक्सरचं प्राचीन नाव) काही भिंतींवरचे रंग गळून पडले, काही ठिकाणी चोरांनी तुकडे पाडले. तिथे अभ्यासकांना या नकलांकडेच यावं लागतं. आपल्याकडे अजिंठ्याचं उलट झालं: ब्रिटिश लष्करी अधिकारी रॉबर्ट गिलनी वर्षानुवर्षं खपून केलेल्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या, लेणी राहिली.

नक्कल म्हणजे भिंत नव्हे, हे मान्यच. कागदावर भिंतीचा खडबडीतपणा येत नाही. आता तर स्कॅनिंग करून अख्खं थडगं उभं करतात. तुतनखामेनच्या थडग्याची तशी प्रतिकृती २०१४ पासून लक्सरला पाहता येते.

पुन्हा गेलात तर पाटीवरचे दोन्ही काळ वाचा, मूळ चित्राचा आणि नकलेचा. दुसरा काळ म्हणजे ती भिंत अशी दिसत होती तेव्हाचा.