स्विमिंग पूलच्या टाइल्सवरचे काळे-तपकिरी डाग ॲसिडनं धुवावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपूरच्या बेसा भागातली सोसायटी, सहा वर्षांचा पूल, उथळ बाजूच्या पायऱ्यांवर तपकिरी-काळे डाग, पाण्याच्या रेषेला पांढरा थर. ठेकेदार म्हणतो, रिकामा करू, ॲसिड मारू, दोन दिवसांत नवा करून देतो. करू द्यावं का, आणि खर्च किती?

करू देऊ नका. निदान त्यानं डाग कशाचा आहे हे सांगेपर्यंत तरी नाही. मी पैजेवर सांगतो, त्यानं ते पाहिलेलंच नसणार. डाग दिसला की ॲसिडचा कॅन उघडायचा, ही आपल्याकडची पद्धत. संडास, जिना, टाकी, पूल, सगळ्याला एकच औषध.

मी तेवीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. तरी या बाबतीत माझी जी फजिती झाली ती ऐका, कारण तुमचं उत्तर त्यातच आहे.

माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे भाऊजी, सावनेर तालुक्यातले संत्रावाले. बगीच्यात फार्महाऊस बांधलं आणि त्यात १० मीटर बाय ५ मीटरचा पूल. निळ्या-पांढऱ्या बारीक टाइल्स, स्टीलची शिडी, सगळं झोकात. घरातले सगळे त्याला 'टाकं'च म्हणतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये भाचीचं लग्न निघालं आणि हळद फार्महाऊसवर ठरली. पाहुणे मंडळी पुण्या-मुंबईची, पोरं पूलमध्ये उतरणार, म्हणून पाणी चकाचक करायची जबाबदारी माझ्यावर आली. 'मास्तर केमिस्ट्रीवाले आहेत, त्यांच्याकडंच द्या.' मीही फुगलो.

पाणी हिरवट होतं आणि पातळी हातभर खाली गेलेली. उन्हाळ्यात आपल्याकडं उघड्या पूलमधून रोज सेंटिमीटरभर पाणी सहज उडून जातं. नवीन बोर नुकतीच लागली होती. मी मोटर लावून पूल त्या पाण्यानं काठोकाठ भरला. राखणदाराची बायको तिथंच कपडे धूत होती, पण विहिरीच्या पाण्यानं. म्हणाली, "सर, या बोरचं पाणी आम्ही कपड्याले लावत नाही. पांढरं कापड काळं पडते." मी हसलो. म्हटलं, बाई, साबण बदला.

रात्री मी ब्लीचिंग पावडरचा दणका दिला, नेहमीच्या तिप्पट. संध्याकाळी बोरमधून पडणारं पाणी काचेसारखं होतं. ब्लीचिंग पडल्यावर तासाभरात सगळं चहासारखं झालं. सकाळी उठून पाहतो तर पायऱ्या, कडा, टाइल्सच्या फटी, सगळ्यांवर काजळी धरल्यासारखा काळा लेप, आणि मंडपवाले, आचारी, पाहुणे सगळे काठावर उभे राहून बघताहेत. भाऊजी म्हणाले, "काय मास्तर, लग्नाच्या घरी टाकं काळं करून ठेवलं न तुम्ही!" हे वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक लग्नात, मुंजीत, तेरवीत ऐकत आलोय.

आता बघा. तो सगळा पट्टा मँगनीजचा. मनसर, कांद्री, गुमगाव या खाणी तिकडच्याच, आणि मँगनीज काढणाऱ्या मॉईलचं मुख्यालय आपल्या नागपुरात. जमिनीखालच्या पाण्यात विरघळलेलं मँगनीज दिसत नाही, पाणी स्वच्छच वाटतं. त्यात क्लोरीन पडलं की त्याचं ऑक्सिडेशन होतं आणि मँगनीज डायऑक्साइड तयार होतो, तपकिरी-काळा, पाण्यात न विरघळणारा. ब्लीचिंग पावडरनं पीएच वर जातो, म्हणजे पाणी अल्कधर्मी होतं, त्यामुळं तो आणखी भराभर बनतो. लोखंडाचंही तसंच, फक्त त्याचा रंग गंजाचा. हे मी दर वर्षी फळ्यावर लिहीत होतो. राखणदाराच्या बायकोला फळा लागला नाही, तिला धुतलेल्या कापडावरून कळलं होतं.

हळद अंगणात उरकली, पूलवर मंडपाचं कापड ताणलं. दुसऱ्या दिवशी थोडं डोकं ठिकाणावर आल्यावर मी बहिणीच्या फ्रिजमधून व्हिटॅमिन सीची चघळायची नारिंगी गोळी घेतली आणि पाण्याखालच्या पायरीवर घासली. मिनिटभरात रुपयाएवढा पांढरा गोल उमटला. व्हिटॅमिन सी म्हणजेच ॲस्कॉर्बिक ॲसिड, ते त्या काळ्या डायऑक्साइडला परत विरघळणाऱ्या रूपात आणतं, एवढंच. मी ओरडतच भाऊजींना बोलावलं. त्यांनी गोळी पाहिली, गोल पाहिला आणि मांडवभर ऐकू जाईल असं म्हणाले, "मंग संत्रीच टाकतो न टाक्यात, पोतंभर! आपल्याकडं काय कमी आहे?" सगळे हसले. माझं म्हणणं तिथंच बुडालं.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी भाऊजींनी पूल उपसला, ६५ हजार लिटर पाणी शेतात सोडलं, आणि दोन पोरं कामाला लावली. खराटे, तारेचे ब्रश आणि ॲसिडचे, म्हणजे हायड्रोक्लोरिकचे, कॅन. पाणी न घालता, जसंच्या तसं. खोल बाजूला न विरघळलेल्या ब्लीचिंगचा गाळ तसाच पडलेला. मी काठावर उभा होतो. ॲसिड त्या काळ्या लेपावरून वाहिलं आणि वास आला. हिरवट-पिवळी झाक, घशाला चिमटा. त्या क्षणी मला १७७४ सालचा शीले आठवला. स्वीडनच्या या माणसानं मँगनीज डायऑक्साइडवर हेच ॲसिड टाकून क्लोरीन वायू पहिल्यांदा बनवला. पाठ्यपुस्तकातली प्रयोगशाळेतली कृती तीच. आणि भाऊजींनी ती ५० चौरस मीटरच्या खड्ड्यात मांडली होती, वरून ब्लीचिंगच्या गाळाची फोडणी. तो वायू हवेपेक्षा जड, खड्ड्यातच साचतो. एक पोरगा खोकत शिडी चढला, दुसऱ्याला ओढून काढावं लागलं. डोळे लाल, छाती भरलेली. सावनेरला डॉक्टरकडं नेलं, दोन दिवसांत बरा झाला. भाऊजी म्हणाले, "उन्हानं झालं." आजही तेच म्हणतात. भाऊजी, वाचत असाल तर, उन्हानं नाही झालं.

पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? डाग गेले! टाइल्स लखलख झाल्या. 'बघा मास्तर, ॲसिड ते ॲसिड.' त्यानंतर काय झालं ते कुणी बघत नाही, म्हणून मी सांगतो. टाइल्सच्या फटीतलं सिमेंट ॲसिडनं खाल्लं, कारण त्यात चुना असतो आणि ॲसिडला चुना आवडतो. फटी खरखरीत झाल्या, आणि खरखरीत फटीत पुढचा डाग आणि शेवाळ दुप्पट वेगानं धरतं. शिडीच्या स्टीलला टाचणीनं टोचल्यासारखे खड्डे पडले. तारेच्या ब्रशचे तुकडे फटीत राहिले, ते पहिल्याच पावसाळ्यात गंजले आणि नवे तांबूस ठिपके आले, पुन्हा ॲसिड. रिकामा पूल आठवडाभर ४४ अंशांच्या उन्हात भाजला, पश्चिमेच्या भिंतीच्या टाइल्स ठोकल्या की पोकळ वाजू लागल्या. आणि भरला कुठून? त्याच बोरनं.

तेव्हा तुम्ही काय करायचं.

आधी ओळख. तुमच्या पायऱ्यांवरच्या डागावर ती गोळी अर्धा-एक मिनिट दाबून घासा. फिकट झाला तर धातू: लोखंड, मँगनीज किंवा तांबं. काहीच झालं नाही तर दुसऱ्या जागी क्लोरीनची गोळी हातमोजा घालून धरून बघा. फिकट झाला तर पानाचा किंवा शेवाळाचा, म्हणजे सेंद्रिय. गुलमोहर-कडुनिंबाचा पाला तळाशी कुजला की असे डाग पडतात. ते क्लोरीन नीट ठेवून आणि नायलॉनच्या ब्रशनं घासून जातात, त्यासाठी कुणाला बोलवायची गरज नाही. हे दोन्ही डाग काढायला पूल रिकामा करावा लागत नाही.

धातूचा निघाला तर क्लोरीन जवळजवळ शून्यावर येऊ द्या, नाहीतर टाकलेलं ॲस्कॉर्बिक क्लोरीनच खाऊन टाकतं. मग साधारण ४० हजार लिटरला पाव ते अर्धा किलो ॲस्कॉर्बिक ॲसिड, डागांच्या वरून भुरभुरवत. इतवारी बाजारात केमिकलच्या दुकानांत किलोनं मिळतं. डाग विरघळला म्हणजे धातू पूलच्या बाहेर गेला असं नाही. तो पाण्यातच आहे आणि क्लोरीन पडल्याबरोबर पुन्हा बसेल. म्हणून धातू धरून ठेवणारं औषध, सिक्वेस्ट्रंट म्हणून मागा, लगेच घाला, फिल्टर चालू ठेवा, पीएच ७.२ ते ७.६ वर आणा आणि क्लोरीन दोन-तीन दिवसांत हळूहळू १ ते ३ पीपीएमपर्यंत (लिटरला तेवढे मिलिग्रॅम) चढवा. एकदम दणका नाही. दणक्याचं काय होतं ते वर लिहिलंय.

आणि भरायचं पाणी. बोरचं असेल तर आधी बादलीभर घेऊन त्यात चिमूटभर ब्लीचिंग टाका, रात्रभर ठेवा. सकाळी पिवळं-तपकिरी झालं तर ते पाणी पूलचं नाही. हा प्रयोग मी २०१४ मध्ये केला असता तर हे उत्तर लिहायची वेळच आली नसती.

मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, टाकू नका. हे सोसायटीतल्या एखाद्या शेतीवाल्या काकाजींना सांगावंच लागतं. भाऊजींचा युक्तिवाद असा की संत्र्याच्या खोडाला बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) लावतो तर बुरशी येत नाही, मग टाक्यात का नको? शेवाळ मरतं, खरंय. पण तांबं टाइल्सवर निळसर-हिरवं बसतं, पुढं काळपट होतं. शिवाय भाऊजींच्या पांढऱ्या केसांना एका उन्हाळ्यात हिरवट झाक आली होती. त्याचा दोष त्यांनी मेंदीला दिला.

आता जे मला सांगायचं नव्हतं ते. तुमच्या पाण्याच्या रेषेवरचा पांढरा थर म्हणजे कॅल्शियम. पाणी उडतं, क्षार मागं राहतात, वरून जड पाणी भरलं की थर वाढतो. त्याला ॲसिडच लागतं. इथं भाऊजी बरोबर होते, लिहून टाकतो. पण पाणी वीतभर खाली घ्या, पूल रिकामा नाही. दहा भाग पाण्यात एक भाग ॲसिड, आधी पाणी आणि मग ॲसिड, उलट कधीच नाही. हातमोजे, चष्मा, उघडी हवा, स्पंज घेऊन फक्त थरावर, फसफसलं की लगेच धुवा, आणि धुतलेल्या जागी सोडा ॲश, म्हणजे धुण्याचा सोडा, फिरवा. थर पातळ असेल तर व्हिनेगरनंही निघतो. फसफसतच नसेल आणि करडा, काचेसारखा कडक असेल तर तो वेगळा, सिलिकेटचा, त्याला ॲसिड ओतून काही होत नाही. आणि जिथं काळा डाग आहे तिथं जोरकस ॲसिड नकोच, कारण शीले.

क्लोरीनच्या गोळ्या आणि ब्लीचिंग पावडर एका डब्यात ठेवू नका, एकाच मापानं घेऊ नका. पेट घेतं. तुमच्या वॉचमनला हे आजच सांगा.

रिकामा करायचाच झाला, म्हणजे टाइल्स सुटल्याच असतील, तर पावसाळ्यात आणि त्याच्या लगेच नंतर नको. काळ्या मातीत पाणी भरलेलं असतं, ते खालून दाबतं आणि रिकामा पूल उचलला जातो. मे महिन्यात नको, टाइल्स भाजतात आणि पुन्हा भरायला टँकर लागतात. हिवाळ्यात करा.

खर्चाचं तुम्ही विचारलंत. डाग ओळखायचा खर्च एका गोळीचा. ठेकेदाराला ती गोळी त्याच्यासमोर घासून दाखवा आणि मग पुन्हा कोटेशन मागा. पहिल्या आणि दुसऱ्या कोटेशनमध्ये फरक पडला नाही तर ठेकेदार बदला.

परवा भाऊजींचा फोन आला होता. पश्चिमेच्या भिंतीच्या टाइल्स सुटून पडू लागल्यात. दुसरं काहीबाही बोलून झाल्यावर शेवटी विचारलं, "मास्तर, ते गोळीचं नाव काय होतं?" मी सांगितलं. टाइल्सच राहिल्या नाहीत तर ती घासणार कशावर, हे मात्र विचारलं नाही. पलीकडे बहीण स्पीकरवर ऐकत होती.