अडीच वर्षांचा मुलगा बोलत नाही, अजून थांबू की दाखवू?

ताई, तुमचा प्रश्न वाचला आणि निवडायला घेतलेली मेथी तशीच ठेवून लिहायला बसले. मुलगा अडीच वर्षांचा, चारपाच शब्दांच्या पुढे गाडी जात नाही, हाक मारली तर बघत नाही, गाडी उलटी करून चाकं फिरवत बसतो, सासूबाई म्हणतात याचा बाप पण उशिराच बोलला आणि डॉक्टर म्हणाले तीन वर्षांपर्यंत बघू. आमच्याकडे अगदी हेच होतं, फक्त उशिरा बोललेला बाप नव्हता, चुलता होता.

थांबू नका. नुसतं बोलणं मागे असतं तरी मी दाखवाच म्हटलं असतं, इथे तर हाकेला वळून बघणं पण नाहीये, आणि ते वर्षाच्या आसपास यायला पाहिजे. दीड वर्षाचं मूल बोट दाखवून तुमच्याकडे बघतं, म्हणजे 'ते बघ' असं सांगतं, आणि दोन वर्षांचं 'पाणी दे', 'बाबा गेला' असे दोन शब्द जोडतं. आधी येत होते ते शब्द नंतर गेले असतील तर मग एक दिवस पण घालवू नका. (दिवस भरायच्या आधी झालेला असेल तर दोन वर्षांचं होईपर्यंत तेवढे आठवडे वयातून वजा करून बघतात, ते डॉक्टरांना आठवणीने सांगा.)

सगळ्यात आधी कान. आम्ही इथेच कितीतरी महिने घालवले. कुकरची शिट्टी झाली की पळत यायचा, जाहिरातीचं म्युझिक दुसऱ्या खोलीतून ऐकून यायचा, मग कान कशाला तपासायचे? ऑडिओलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या की शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि बोलण्यातला 'स' नि 'फ' ऐकू येणं वेगळं, थोडं कमी ऐकू येणारी मुलं घरच्यांना अशीच फसवतात. बेरा नावाची टेस्ट असते, त्यात डोक्याला वायरी लावतात, दुखत नाही पण पोरगं गाढ झोपलेलं लागतं. आम्ही आदल्या रात्री बारापर्यंत जागवलं, पहाटे पाचला उठवलं आणि हा पठ्ठ्या रिक्षात झोपला, सेंटरच्या दारात टक्क जागा. दुसऱ्या खेपेला मी त्याला अख्ख्या रस्त्यात गुदगुल्या करत नेलं. कान व्यवस्थित निघाले, पण त्यामुळे पुढचा रस्ता ठरला. मुंबईच्या बाजूला असाल तर बांद्र्याला अली यावर जंग ही केंद्र सरकारची संस्था याच कामासाठी आहे.

आता पैशाचं, कारण प्रायव्हेट थेरपी महिन्याला किती खाते ते मला माहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम म्हणजे मुलांच्या तपासणीची सरकारी योजना २०१३ पासून चालू आहे आणि त्यात वाढ-विकासात मागे पडलेली मुलं शोधणं हे ठरलेलं काम आहे. त्यांची टीम वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. पण टीम येईपर्यंत वाट बघायची गरज नाही, अंगणवाडीच्या ताईंना किंवा आशाताईंना आजच सांगा आणि डीईआयसीला पाठवायला लावा. हे लहान मुलांसाठीचं केंद्र जिल्हा रुग्णालयाला जोडलेलं असतं आणि मोफत असतं. गर्दी असते, आज या उद्या या पण होतं, आम्हाला एकदा स्पीचवाले रजेवर म्हणून हात हलवत परत यावं लागलं. तरी नाव घालून ठेवा.

आणि निदान होईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नका, हेच मला मुख्य सांगायचंय. आम्हाला मोठ्या डॉक्टरांची तारीख तीन महिन्यांनी मिळाली, पण स्पीच थेरपिस्टने ऑटिझम (स्वमग्नता) आहे की नुसतं बोलणं मागे आहे याची वाट न बघता पहिल्याच दिवशी काम दिलं. तिने मला आधी गप्प बसायला शिकवलं. मी दिवसभर 'हे काय? काऊ कसा ओरडतो? सांग ना' असा पेपर घ्यायचे, ते बंद. त्याने मागायच्या आत दूध समोर ठेवायचं नाही. खाली बसून त्याच्या डोळ्यांसमोर यायचं, एकच शब्द बोलायचा आणि थांबायचं, मनात दहा मोजेपर्यंत. आंघोळीला मी तांब्या भरून वर धरायचे, 'ओत' म्हणायचे, ओतायचे. दोन आठवडे हेच. एक दिवस तांब्या तसाच वर धरून थांबले, पाणी ओतलंच नाही, तर त्याने माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे नाही, माझ्याकडे, आणि म्हणाला 'ओ'. मी सगळा तांब्या माझ्याच अंगावर सांडला.

मोबाईल बंद करा, रडेल, चार दिवस घर डोक्यावर घेईल. घरात दोन भाषा असतील तर राहू द्या, आमच्या सासूबाई कानडी बोलतात, एकाने सांगितलं की आता घरात फक्त इंग्लिश, शाळा इंग्लिश आहे ना. थेरपिस्ट हसली. दोन भाषांमुळे बोलणं मागे पडत नाही, ज्या भाषेत तुम्हाला लाड करता येतात तीच बोला. पोरगं बोलावं म्हणून पोपटाने उष्टावलेला पेरू आम्ही पण आणलाय, सासूबाईंचं मन राखायला. वेखंड मात्र चाटवू नका, ते पोटात जाणं चांगलं नाही. आणि कोणी ऑटिझमसाठी स्टेम सेलचं पॅकेज सांगितलं तर तिथून उठा, डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्येच त्याची शिफारस करत नाही म्हणून सांगितलंय आणि लोकांनी त्यासाठी दागिने मोडलेत.

दिव्यांग प्रमाणपत्र, युडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) वगैरेची आत्ता घाई नाही. पुढे निदान पक्कं झालं आणि ते ऑटिझम किंवा सेरेब्रल पाल्सी असं काही निघालं तर त्या कागदावर निरामय हा सरकारी आरोग्य विमा निघतो, वर्षाला एक लाखापर्यंत, त्यात थेरपीचा पण खर्च काही प्रमाणात बसतो. काही आया कागदाला घाबरतात, मी पण घाबरले होते, नवऱ्याशी त्यावरून भांडण पण झालं.

डॉक्टरांकडे जाताना तुमचं माता बाल संरक्षण कार्ड न्या आणि मोबाईलमध्ये आठवडाभर छोटे छोटे व्हिडिओ घेऊन ठेवा, हाक मारतानाचे, जेवतानाचे, चाकं फिरवतानाचे. दवाखान्यात गेलं की पोरगं एकतर रडतं नाहीतर शहाण्यासारखं बसतं, आणि मग डॉक्टर पाच मिनिटं बघून तुम्हालाच म्हणतात, चांगलं तर आहे की बाळ.