तुरुंगातलं ताट: वाचकांचे प्रश्न

मुलगा जळगावच्या कारागृहात कच्चा कैदी आहे. रमजान तोंडावर आलाय. पहाटे बराक बंद असते, मग सहरीचं, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या जेवणाचं काय? (एक आई, भुसावळ)

ताई, रोजे धरता येतात. केंद्राच्या 2016 च्या आदर्श कारागृह नियमावलीतच आहे की धार्मिक उपवास करणाऱ्या बंद्याला त्याचा शिधा, सगळा किंवा थोडा, सोयीच्या वेळी आणि जागी द्यावा. जादा पदार्थही देता येतात. पण संध्याकाळचं जेवण बहुधा दिवस मावळण्याआधीच वाटून होतं आणि मग बराकी बंद होतात. त्यामुळे रोजेदारांची नावं स्वयंपाकघराला आधी कळायला हवीत. मुलाला आजच अधीक्षकांच्या नावे अर्ज करायला सांगा. लिहिता येत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांची मदत फुकट मिळते. खजूर, केळी घरून द्यायची असतील तर परवानगी आधी घ्या. मुलाखतीला पिशवी भरून आलेल्या आया दारावरून परत जाताना बघवत नाहीत.

भाऊ जैन आहे. कांदा-लसूण, बटाटा खात नाही. (अमळनेर)

चौविहाराची, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाण्याच्या नेमाची अडचण कमी येईल, जेवण लवकरच मिळतं. वेगळी चूल मागू नका. शेकडो माणसांच्या स्वयंपाकात ती मिळणं कठीण. फोडणी पडण्याआधी त्याच्यापुरतं वरण बाजूला काढावं, एवढंच अर्जात लिहा. अर्जाची पोच ठेवा.

घरचा डबा चालतो का? (शिरपूर)

कच्च्या कैद्याला बाहेरून अन्न घेऊ देण्याची तरतूद 1894 च्या कारागृह कायद्यापासून आहे, कलम 31. मात्र परवानगी लागते, डबा तपासला जातो आणि त्यातलं दुसऱ्या बंद्याला देता येत नाही. शिक्षा झालेल्यांना ही सवलत नाही.

काका म्हणतात, स्वयंपाकी आपल्या जातीचा नाही, जेवणार नाही. धर्माच्या नावाने अर्ज करता येईल? (शहादा)

नाही, आणि करूही नका. काय खायचं नाही हे धर्म सांगत असेल तर त्यासाठी मी भांडेन. कोणी रांधलं यासाठी मुळीच नाही. काही राज्यांच्या नियमांत स्वयंपाकी ‘योग्य जातीचा’ असावा असं खरोखर लिहिलेलं होतं. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने असे नियम घटनाबाह्य ठरवले, आणि बंद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकानाही काढायला सांगितला. काकांना हे नीट समजावून सांगा, आणि आज जेवायला लावा.