य = २क्ष² − १२क्ष + ७ या वर्गफलाचा शिरोबिंदू कसा काढायचा?

शिरोबिंदू म्हणजे आलेख जिथे वळतो तो बिंदू. त्याच्या क्ष चं सूत्र आहे क्ष = −ब/(२अ). इथे अ म्हणजे क्ष² चा सहगुणक (त्याच्या आधीची संख्या), २, आणि ब म्हणजे क्ष चा सहगुणक, −१२. पण ते नुसतं पाठ करू नका, कुठून येतं ते एकदा बघा, मग विसरणार नाही.

शेवटचा ७ क्षणभर बाजूला ठेवा. तो आलेख फक्त वर उचलतो, डावी-उजवीकडे सरकवत नाही. उरलं २क्ष² − १२क्ष, म्हणजे २क्ष(क्ष − ६). हे शून्य होतं क्ष = ० आणि क्ष = ६ ला. पॅराबोला, म्हणजे अशा फलाचा वाटीसारखा आलेख, दोन्ही बाजूंना सारखाच असतो, त्यामुळे शिरोबिंदू या दोन्हींच्या बरोब्बर मध्ये, क्ष = ३ वर. सूत्रानेही १२/४ = ३ च येतं.

आता ३ ही किंमत मूळ फलात घाला, ७ सकट: १८ − ३६ + ७ = −११. शिरोबिंदू (३, −११). क्ष² चा सहगुणक धन आहे, म्हणून हा सगळ्यात खालचा बिंदू. ऋण असता तर सगळ्यात वरचा.

खात्री हवी असेल तर क्ष = २ आणि क्ष = ४ घालून बघा, दोन्हीकडे −९ येतं.

चूक बहुतेकदा चिन्हाची होते. इथे ब = −१२ आहे, म्हणून −ब म्हणजे +१२. ब कंसात लिहायची सवय लावा, खरंच फरक पडतो.