कार्ड काढण्याआधी एवढं बघ

किकस्टार्टरवर ज्या नव्या वस्तूसाठी पैसे लावायला निघालायस, तिचा व्हिडिओ झकास आहे, मान्य. पण किकस्टार्टर ही नव्या प्रकल्पांसाठी लोकांकडून पैसे गोळा करायची साइट आहे, दुकान नाही. तू वस्तू विकत घेत नाहीस, ती बनावी म्हणून आगाऊ पैसे देतोयस, आणि ती मिळेलच याची हमी साइट घेत नाही. म्हणून बुडाले तरी झोप उडणार नाही एवढेच लाव.

चालता नमुना दाखवलाय का ते बघ. हातात धरलाय, बटण दाबलं, मध्ये कट नाही, असा. नुसती कॉम्प्युटरवरची चकचकीत चित्रं असतील तर नाद सोड. अर्थात एक नग हाताने जुळवणं वेगळं आणि साचे पाडून हजारो काढणं वेगळं. अनेकांचं घोडं तिथेच पेंड खातं. ‘कूलेस्ट कूलर’ या पेयं थंड ठेवायच्या पेटीसाठी निर्मात्यांनी २०१४ मध्ये किकस्टार्टरवर १ कोटी ३० लाख डॉलरहून जास्त जमवले, तरी २०१९ मध्ये कंपनी बंद पडली आणि हजारो लोक हात चोळत बसले. किंमतच कमी लावली असेल तर प्रत्येक जादा ऑर्डर खड्डा वाढवते, त्यामुळे जमलेल्या आकड्याला भुलू नकोस.

वस्तू पोचवायची दिलेली तारीख तर सहसा चुकतेच. निर्मात्याच्या जुन्या प्रकल्पाखालच्या तक्रारी वाच. आणि काही साइटवर उद्दिष्ट अपुरं राहिलं तरी पैसे निर्मात्याकडे जातात. किकस्टार्टरवर तसं होत नाही.